पलटणीची चूल

पहाटे पाचच्या सुमाराला अंबड रस्त्याने, भोकरदनच्या वाटेने किंवा मंठ्याच्या बाजूला गाडीवरून गेलात, तर रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं दिसतात. भरतीची तयारी चाललेली असते. कुणी मोबाइलवर वेळ लावून पळतोय, कुणी मित्राला मागून ओरडून दम देतोय. यातल्या बहुतेकांच्या डोक्यात एकच शब्द असतो, 'जीडी'. जनरल ड्युटी म्हणजे हातात रायफल, अंगावर वर्दी आणि गावात फ्लेक्स. पण भरतीच्या फॉर्ममध्ये आणखी एक रकाना असतो. ट्रेड्समन. २०२२ साली अग्निपथ योजना आली, तेव्हाही तो राहिला. दहावी पास चालतं, काही कामांना आठवी पासही. स्वयंपाकी, धोबी, न्हावी, मेस सांभाळणारा अशी कामं त्यात येतात.

या रकान्यातून लागलेला मुलगा पेढे वाटताना 'आर्मीत लागलो' एवढंच सांगतो. 'लांगरी म्हणून लागलो' हे वाक्य सहसा गावापर्यंत पोचत नाही. फौजेच्या भाषेत जवानांच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि तिथल्या स्वयंपाक्याला लांगरी. शब्द साधा आहे, पण तो उच्चारताना आवाज थोडा खाली जातो.

हा आवाज खाली का जातो, याचा शोध घ्यायचा तर फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात एक मोठी लढाई झाली आणि आपल्याच शहरात पाऊण शतक एक लष्करी छावणी होती. दोन्हींच्या इतिहासात सेनापती सापडतात, तोफा सापडतात, पलटणींचे नंबर सापडतात. चूल पेटवणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

बुणगे आणि बैल

२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची कंपनी फौज समोरासमोर आली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. असईच्या लढाईत त्याचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. एवढ्या छोट्या फौजेसाठी हा आकडा भयंकर होता.

या लढाईच्या गोष्टीत एक तपशील येतो, त्यावर फारसं कुणी थांबत नाही. लढाईच्या आधी वेलस्लीने आपलं सामानसुमान मागे एका गावाजवळ ठेवलं आणि त्याच्या राखणीला शिपाई ठेवले. सामान म्हणजे नुसते तंबू आणि पेट्या नव्हेत. त्यात बैल होते, धान्य होतं, भांडी होती, आणि या सगळ्याबरोबर चालणारी माणसं होती. त्या काळच्या कुठल्याही हिंदुस्थानी किंवा कंपनी फौजेत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे कितीतरी जास्त असत. पाणक्ये, गवत कापणारे, मोतद्दार, बाजारातले वाणी, स्वयंपाकी, त्यांच्या बायका आणि मुलं. चालतं-फिरतं गावच ते.

मराठीत या लोकांना शब्द आहे, बुणगे. मुळात फौजेबरोबरचं सामान आणि ते सांभाळणारी माणसं एवढाच त्याचा अर्थ. आज आपण 'बाजारबुणगे' कुणाला म्हणतो? बिनकामाच्या, नुसती गर्दी करणाऱ्या लोकांना. शब्दाची ही घसरण पाहिली की लांगरी हा शब्द हळू आवाजात का बोलला जातो, याचं अर्धं उत्तर मिळतं. जे लढत नाहीत ते ओझं, असं आपल्या भाषेनेच ठरवून टाकलं.

पण फौजेचं पोट उलटं सांगतं. पानिपतावर डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि मराठ्यांची रसद तोडली गेली. पुढच्या महिन्यात, १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांची फौज लढायला बाहेर पडली ती उपाशी पोटी. तलवारी तिथेही होत्या, पण चुली विझल्या होत्या.

वेलस्लीला हे गणित कळलं होतं. दख्खनच्या मोहिमेत त्याने सर्वांत जास्त डोकं चालवलं ते बैल आणि तांदूळ यांवर. ते धान्य आणायचे बंजारे. हजारो बैलांवर गोण्या लादून लमाणांचे तांडे फौजेच्या मागे-पुढे चालत. पैसे मिळाले की धान्य पोचतं करायचं, मग फौज मोगलांची असो, मराठ्यांची असो की कंपनीची. आज मंठा, परतूर भागात जे तांडे आहेत, त्यांच्या पूर्वजांचा हा धंदा होता. पुढे रेल्वे आली आणि बैलांवरची ही वाहतूक बसली.

छावणीचं गाव

जालना शहराबद्दल 'जालना सोने का पालना' असं म्हणतात. कुंडलिकेच्या एका बाजूला जालना, दुसऱ्या बाजूला कादराबाद. व्यापाऱ्यांचं गाव. १८२७ साली इथे छावणी बसवली गेली. निजामाच्या राज्यातली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची. निजामाच्या खर्चाने उभ्या केलेल्या या सैन्याला १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिन्जंट हे नाव मिळालं आणि त्याच्या खर्चासाठी वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ पर्यंत जालना या कंटिन्जंटचं ठाणं होतं. मग लॉर्ड किचनरच्या फेररचनेत कंटिन्जंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झालं आणि छावणी उठली. त्याच्या दोन वर्षं आधीच्या, १९०१ च्या जनगणनेत जालन्याची वस्ती २०,२७० आणि कादराबादची ११,१५९ होती.

कंटिन्जंटच्या पायदळ पलटणींना पुढे ९४ ते ९९ हे नंबर मिळाले. १९२२ मध्ये त्यांच्यातून एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि २७ ऑक्टोबर १९४५ ला तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. म्हणजे आज ज्या रेजिमेंटचं घर हिमालयाच्या पायथ्याशी रानीखेतला आहे, तिचं एक मूळ आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत आहे.

छावणी गेली तरी तिची एक खूण शहरात रोज तोंडी येते, सदर बाजार. देशात जिथे जिथे छावणी होती तिथे तिथे सदर बाजार आहे, कारण छावणीचा शिपाई तिथूनच खात होता. आजच्यासारखा सरकारी शिधा तेव्हा नव्हता. शिपायाला पगार मिळे आणि त्यातून तो बाजारातून पीठ, डाळ, तूप, मीठ, सरपण विकत घेई. वाण्याने शिपायाला लुटू नये म्हणून भावांचा निरख ठरवून दिलेला असे आणि बाजारावर लष्करी अधिकाऱ्याची नजर असे. पण घेतलेलं पीठ मळायचं कोणी, हा प्रश्न सरकारचा नव्हता.

सात रुपये आणि नऊ चुली

एकोणिसाव्या शतकात बहुतेक काळ पायदळातल्या शिपायाचा पगार महिना सात रुपये होता. १८९५ मध्ये तो नऊ झाला, १९११ मध्ये अकरा. त्यातच खायचं, वर्दीच्या काही भागाचा खर्च भागवायचा, आणि उरलेलं गावी पाठवायचं. धान्य फार महागलं तर सरकार महागाईपोटी काही भरपाई देई. दुष्काळाच्या दशकांत याचा अर्थ काय होत असेल याचा विचार करा. जेवढं कमी खाल तेवढे घरी जास्त पैसे जातील. पोट आणि मनीऑर्डर एकमेकांसमोर उभी.

आणि स्वयंपाक? कवायत संपली की शिपाई वर्दी उतरवून धोतरावर येई, जागा सारवून चौका आखी आणि स्वतःची चूल पेटवी. कंटिन्जंटमध्ये उत्तरेकडून आलेले शिपाई बरेच होते, ज्यांना आपण मराठीत परदेशी म्हणतो. हिंदीत म्हण आहे, आठ कनौजिये नि नऊ चुली. आठ माणसांना नऊ चुली का? कारण एकाच्या चुलीचा विस्तव दुसऱ्याला चालत नाही, म्हणून विस्तवासाठीही वेगळी चूल. म्हण अर्थातच थट्टेची आहे, पण छावणीत संध्याकाळी धुराच्या रेघा मोजल्या असत्या तर ती फार खोटी ठरली नसती.

काही जण चार-पाच जातभाई मिळून एकत्र करत. पाळी लावत, किंवा वर्गणी काढून आपल्याच जातीचा एखादा माणूस स्वयंपाकाला ठेवत. हा माणूस पलटणीच्या हजेरीपटावर नसे. त्याचा पगार शिपायांच्या खिशातून. पलटण हलली की तोही हलणार, ती थांबली की तोही थांबणार. आजच्या लांगऱ्याचा पूर्वज हा असा, कुणाच्याच कागदावर नसलेला.

कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्न तेव्हा किती धारदार होता, हे तुरुंगांच्या इतिहासातही दिसतं. १८४० च्या दशकात कंपनीने बिहारच्या तुरुंगांत कैद्यांसाठी एकत्र स्वयंपाक सुरू करायचं ठरवलं, तेव्हा दंगे झाले. कैदी मार खायला तयार होते, पण भलत्याच हातचं जेवायला नव्हते. सैन्याचे अधिकारी यातून एकच शिकले, शिपायाच्या चुलीला हात लावायचा नाही. मुंबई सैन्यात महार, मराठा, मुसलमान, परदेशी एकाच रांगेत उभे राहून बंदूक चालवत. रांग एक होती. पण रांग मोडली की प्रत्येकाची चूल वेगळी. कवायतीच्या मैदानावर जे शक्य होतं ते जेवणाच्या जागी शक्य नव्हतं. आणि १८९० च्या दशकात 'लढवय्या जाती'चं खूळ वाढलं, तेव्हा महारांसाठी ती रांगही बंद झाली.

सरकारने पोट हातात घेतलं

पहिल्या महायुद्धाने ही व्यवस्था मोडायला सुरुवात केली. फ्रान्सच्या चिखलात कुणी चौका सारवणार नव्हतं. तरी सरकारने शक्य तेवढं सांभाळलं. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या शाही राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी रुग्णालय उघडलं, तेव्हा तिथे धर्म आणि जातीनुसार नऊ स्वयंपाकघरं होती. वॉर्डात हिंदू आणि मुसलमानांना पाण्याचे नळही वेगळे.

दुसरं टोक होतं इराकमधलं कूत. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने तिथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, म्हणजे आपल्याच भागातली पोरं. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं आणि ते अशक्त होत गेले. अगदी शेवटी, मरण दिसायला लागल्यावर बरेच जण तयार झाले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. कैद झालेल्यांत सुमारे दहा हजार लढणारे होते आणि ३,२४८ न लढणारे हिंदी नोकर. स्वयंपाकी, पाणक्ये, भंगी, खेचरवाले. चार कैद्यांत जवळपास एक जण असा होता, ज्याच्या हातात कधी बंदूकच नव्हती. वाळवंटातल्या त्या मरणयात्रेत त्यांनाही तेवढंच चालावं लागलं.

युद्ध लांबलं, भरती कमी पडू लागली, महागाई वाढली. तेव्हा १९१७ च्या सुरुवातीला सरकारने निर्णय घेतला की देशात असलेल्या हिंदी शिपायालाही शिधा फुकट मिळेल. वाचताना हा निर्णय किरकोळ वाटतो. पण याने शिपायाचं पोट आणि त्याची मनीऑर्डर यांतलं भांडण मिटलं. शिवाय शिधा सरकारचा झाला की तो मोजून येणार, एका जागी शिजणार, आणि तो शिजवणारा माणूसही सरकारी कागदावर येणार. सात रुपयांतून वर्गणी काढून ठेवलेला स्वयंपाकी हळूहळू पलटणीचा लांगरी झाला.

जातींच्या चुली लगेच विझल्या नाहीत. पण दुसऱ्या महायुद्धाची फौज इतकी मोठी होती की तिथे एका कढईतून वाढण्याला पर्याय उरला नाही. गावात अजून पाणवठे वेगळे होते, तेव्हा पलटणीत एकाच डेगेतली डाळ सगळ्यांच्या ताटात पडत होती. हे काम कुठल्या भाषणाने केलं नाही. ते रोज दोन वेळा, पळी हातात घेऊन लांगऱ्याने केलं.

मोजले गेले, पण कसे?

कागदावर येणं आणि मानाने येणं यांत फरक असतो. पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानात लढणारे म्हणून ८,७७,०६८ आणि न लढणारे म्हणून ५,६३,३६९ माणसं भरती झाली. म्हणजे पाचांतले दोन जण दुसऱ्या खान्यात. त्यांना 'फॉलोअर' म्हणत. मागे मागे येणारे. बुणगे या शब्दाचं हे इंग्रजी भावंडच. त्यातही वरचे आणि खालचे असे दर्जे होते, आणि स्वयंपाकी, पाणक्या, झाडूवाला हे खालच्या दर्जात. पगार कमी, कपडे हलके, पेन्शनचे नियम वेगळे.

मेल्यावरही फरक संपला नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावं आली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा. जिथे शिपायालाच नाव मिळालं नाही, तिथे त्याच्या स्वयंपाक्याला कोण विचारणार? एप्रिल २०२१ मध्ये युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या ब्रिटिश आयोगाने स्वतःच्या अहवालात मान्य केलं की आशिया आणि आफ्रिकेतल्या किमान ४५ हजार मृतांना बरोबरीचा मान दिला गेला नाही. हे मान्य व्हायला शंभर वर्षं लागली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यातही बराच काळ 'नॉन-कॉम्बॅटंट' असा वेगळा वर्ग राहिला. आज मात्र चित्र बदललं आहे. लांगरी हा नोंदणी झालेला जवान असतो. तोही आधी ड्रिल शिकतो, गोळी चालवायला शिकतो, मग स्वयंपाकाचं प्रशिक्षण घेतो. गरज पडली तर पळी ठेवून रायफल उचलायची, हे त्याच्या नोकरीतच लिहिलेलं आहे.

शांततेतला दिवस

सिनेमात फौज सीमेवर असते. पण पलटणीचं निम्मं आयुष्य 'पीस स्टेशन'वर जातं, शांततेच्या ठाण्यात. तिथे शत्रू नसतो, बर्फ नसतो. पीटी, परेड, फायरिंगचा सराव, खेळ, गार्ड ड्युटी. दिवसामागून दिवस. अशा आयुष्यात जेवण ही मोठी गोष्ट होऊन बसते. डाळ पातळ झाली तर दिवसभर तोच विषय.

लांगऱ्याचा दिवस बाकीच्यांच्या आधी सुरू होतो. पीटीच्या आधीचा चहा, ज्याला फौजेत अजूनही 'गनफायर चाय' म्हणतात, तो वेळेवर हवा. मग नाश्ता, दुपार, चार वाजताचा चहा, रात्र. एक साधा हिशोब करून बघा. १२० जणांची एक कंपनी. माणशी पाच चपात्या, दोन वेळा. रोजच्या झाल्या बाराशे. चपातीला पन्नास ग्रॅम पीठ धरलं तर साठ किलो कणीक. आता मळायची यंत्रं आली, गॅस आला. पण लाकडाच्या आणि कोळशाच्या धुरात हे काम हातांनी केलेली पिढी अजून आपल्या गावांत पेन्शन घेत बसलेली आहे.

मराठवाड्याच्या पोराला इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. घरी ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं. पलटणीत कणीक, तांदूळ, डाळ. ज्याने आईला भाकरी थापताना फक्त बघितलं, तो परातीसमोर उभा राहतो. आपल्याकडे रोजचा स्वयंपाक ही बाईची जबाबदारी, पुरुष फक्त भंडाऱ्याच्या दिवशी डेग ढवळतो. लांगरी या नेमानेही वेगळा पडतो. गावात त्याची थट्टा होते ती एका बाजूने 'लढत नाही' म्हणून आणि दुसऱ्या बाजूने 'बायकी काम करतो' म्हणून. दोन्ही टोमणे एकाच माणसाने झेलायचे.

लंगरावर देखरेख करायला लंगर कमांडर असतो, वरचे अधिकारी जेवण चाखून बघतात, आणि सैनिक संमेलनात जवान जेवणाची तक्रार उघड मांडू शकतो. ही सोय उगाच केलेली नाही. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलातल्या एका जवानाने पातळ डाळ आणि करपलेल्या रोटीचा व्हिडिओ टाकला, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी तो फॉरवर्ड केला असेल. ते दल लष्करापेक्षा वेगळं, पण देश हादरला तो एका ताटामुळे. साध्या डाळीत जवानाचा मान असतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं. ती डाळ रोज नीट शिजवणाऱ्याचा मान मात्र चर्चेत आला नाही.

आणि मग 'बडा खाना'. सणाला, रेजिमेंटच्या दिवसाला, सगळे एकत्र जेवतात. अधिकारी जवानांबरोबर बसतात, कधी स्वतः वाढतात. त्या संध्याकाळी पदांची उतरंड थोडा वेळ बाजूला राहते. लांगरी तेव्हा कुठे असतो? भट्टीपाशी. सगळ्यांचं झाल्यावर तो जेवतो.

पंधरा वर्षांची नोकरी धरा. सुट्ट्या वजा करून वर्षाला तीनशे दिवस, दोन जेवणं. एका जवानाच्या पुढ्यात लंगरातून नऊ हजार ताटं येतात. त्यातलं एकही ताट शौर्यगाथेत नसतं. पण पलटण टिकते ती या ताटांवर. १९१७ च्या आधी जी गोष्ट प्रत्येक शिपायाला एकट्याने, आपल्या जातीच्या चौकटीत आणि आपल्या तुटपुंज्या पगारात सोडवावी लागत होती, ती आज एक माणूस शंभरांसाठी सोडवतो. जात न विचारता.

जालन्याची छावणी उठून आता सव्वाशे वर्षं होत आली. सदर बाजारात गर्दी आहे, पण तिथून पीठ घेणारा शिपाई कुणाला आठवत नाही. असईला लढाईचं मैदान बघायला लोक जातात. सामानाजवळ मागे राहिलेल्यांची जागा कुणी दाखवत नाही.

तुमच्या गावात माजी सैनिक असतील. त्यांच्यात एखादा असा असेल, ज्याला कुठे होतात विचारलं तर पलटणीचं नाव अभिमानाने सांगतो, आणि काय करत होतात विचारलं तर विषय बदलतो. त्याच्याजवळ जाऊन बसा. भट्टी कशी पेटवायचे, शंभर माणसांच्या डाळीत मीठ किती, पहिल्यांदा चपात्या करपल्या तेव्हा काय झालं, हे विचारा. फोन हातात आहेच, रेकॉर्ड करून ठेवा. सेनापतींचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. चुलीचा इतिहास अजून पेन्शनच्या रांगेत उभा आहे, आणि ती रांग दरवर्षी लहान होतेय.